वहीबाहेरचा ताळा

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून माणसं येतात. कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत आहे. काळभैरव म्हणजे क्षेत्रपाल, काशीचा कोतवाल. राखण करणं हेच त्याचं काम, आणि त्याचं वाहन आहे श्वान. भैरवाजवळच्या त्या श्वानाचा विचार आला की मला एक फार लांबची गोष्ट आठवते.

१८९६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एक खटला आला. किंग्स्टन कॉटन मिल या कंपनीच्या ताळेबंदात कापसाचा आणि सुताचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला जात होता. कंपनी बुडाली तेव्हा प्रश्न निघाला, की हिशेब तपासणारे काय करत होते? त्यांनी साठा मोजून पाहिला नव्हता. व्यवस्थापकाने साठ्याचा दाखला लिहून दिला आणि तो त्यांनी खरा मानला. न्यायालयाने त्यांना दोष दिला नाही. निकाल देताना न्यायमूर्ती लोप्स यांनी वापरलेली उपमा लेखापरीक्षणाच्या वर्गात आजही शिकवली जाते. तिचा आशय असा, की लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढत जाणारा शिकारी कुत्रा नव्हे.

इंग्लंडच्या न्यायमूर्तींना आणि आपल्या पुराणांना राखणीसाठी एकच जनावर आठवावं, याचं नवल वाटतं. पण त्याहून मोठं नवल पुढे आहे. राखणीच्या कुत्र्याने भुंकायचं केव्हा, या प्रश्नाचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत पार बदललं. ते का बदलावं लागलं, हे समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट पुरते. तिच्याकडे जाण्याआधी हिशेब म्हणजे काय ते थोडं पाहू.

खोटा हिशेबही जुळतो

शाळेत गणित सुटलं की गुरुजी म्हणत, 'ताळा करून पाहा.' भागाकार बरोबर आला का, ते गुणाकार केल्यावर कळायचं. 'ताळेबंद' या शब्दातही तोच ताळा आहे. रोजकीर्दीत नोंद करायची, ती खतावणीत न्यायची, खतावणीवरून तेरीज काढायची आणि शेवटी ताळेबंद मांडायचा. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा. व्हेनिसचे व्यापारी वापरत असलेली ही द्विनोंदी पद्धत लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात समजावून सांगितली. पाचशे वर्षं झाली, यंत्रं बदलली, पण बँकेच्या संगणकातही आज तीच पद्धत चालते.

कल्पना किती सुंदर आहे पाहा. दहा हजार नोंदींपैकी एका नोंदीची एकच बाजू चुकली, तरी तेरीज जुळत नाही. चूक कुठे लपली आहे ते शोधावं लागतं, पण चूक आहे हे वहीच सांगते.

मात्र वही चूक सांगते, लबाडी सांगत नाही. चुकणारा माणूस एका बाजूला चुकतो. लबाडी करणारा दोन्ही बाजूंना तोच खोटा आकडा लिहितो आणि ताळेबंद पैशापैशाला जुळतो. मोठमोठ्या घोटाळ्यांचे ताळेबंद जुळलेलेच होते. म्हणून वहीतला ताळा पुरत नाही, तो वहीबाहेर जाऊन करावा लागतो. यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: रुजुवात. कागदावरची नोंद आणि प्रत्यक्षातली वस्तू समोरासमोर आणायची आणि मेळ बसतो का ते बघायचं.

ही रुजुवात आपल्या गावांत दर महिन्याला होते. महिला बचत गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. दहापंधरा बायका गोल करून बसल्या आहेत. सचिव रजिस्टर उघडते, नाव पुकारते. शंभराची नोट पुढे येते. आकडा रजिस्टरात चढतो आणि लगेच त्या बाईच्या हातातल्या पासबुकातही चढतो, सगळ्यांच्या देखत. रजिस्टर एक, ते गटाकडे. पासबुकं पंधरा, ती पंधरा घरांत. उद्या कोणी रजिस्टरात खाडाखोड केली तर त्याला पंधरा उंबरे चढून पंधरा पासबुकं बदलावी लागतील. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्या ताब्यात नसलेला कागद हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. लेखापरीक्षणाच्या मानकांमध्ये एसए ५०५ नावाचं एक मानक आहे. बँक, देणेकरी, घेणेकरी अशा बाहेरच्या पक्षांकडून थेट लेखी खात्री कशी मागवावी, एवढंच ते सांगतं. बचत गटाच्या पंधरा पासबुकांमागे जो विचार आहे, तोच या मानकामागे आहे.

रोखे कुठे आहेत?

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. धाराशिवचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. सोनारीसारख्या गावातल्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं ते बहुधा गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून. सोसायटीला पैसा येतो जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतून. त्या बँकेत सोसायट्यांच्या, शिक्षकांच्या, पतसंस्थांच्या ठेवी असतात. ठेवींचा काही भाग सुरक्षित राहावा म्हणून बँकेला तो सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. सरकारी रोख्यासारखी बिनघोर गुंतवणूक नाही, कारण पैसे परत देण्याची हमी सरकारची असते.

२००२ च्या आसपास राज्यातल्या काही जिल्हा बँकांनी हे रोखे खाजगी दलालांमार्फत घेतले. त्यांतली एक कंपनी होती नवी मुंबईतली होम ट्रेड. तिच्या जाहिरातींत क्रिकेट आणि सिनेमातले त्या काळचे सर्वांत मोठे चेहरे झळकत होते. व्यवहार असा व्हायचा: बँकेने पैसे द्यायचे, दलालाने सौद्याची चिठ्ठी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, द्यायची आणि रोखे मागाहून पोहोचवायचे. वहीत नोंद पडायची: रोख शिल्लक इतक्या कोटींनी कमी, सरकारी रोख्यांतली गुंतवणूक तितक्याच कोटींनी जास्त. दोन्ही बाजू जुळल्या, ताळेबंद चोख.

फक्त रोखे आले नाहीत. उस्मानाबाद जिल्हा बँकेचे यात ३० कोटी रुपये अडकले. नागपूर जिल्हा बँकेचे होम ट्रेड आणि इतर दलालांकडे मिळून सुमारे १५० कोटी. खलाशांच्या भविष्य निर्वाह निधीचाही पैसा याच वाटेने गेला.

नागपूरच्या प्रकरणात फिर्याद कोणी दिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एप्रिल २००२ मध्ये ती सहकार खात्याच्या लेखापरीक्षकाने दिली. या सगळ्या प्रकरणाचा उलगडा ज्या प्रश्नाने होतो, तो शाळेतल्या मुलालाही विचारता येईल: रोखे घेतले म्हणता, मग ते कुठे आहेत? चिठ्ठी चालणार नाही, झेरॉक्स चालणार नाही. मूळ रोखा, बँकेच्या नावावरचा, समोर ठेवा. तिजोरी उघडायची आणि यादीतल्या एकेका क्रमांकासमोर तो कागद हाताने लावून बघायचा. यादीत क्रमांक आहे आणि तिजोरीत कागद नाही, तिथे हिशेब संपतो आणि गुन्हा सुरू होतो.

नागपूरच्या खटल्याचा निकाल लागायला २२ डिसेंबर २०२३ उजाडला. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष, माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झालं. फिर्याद आणि निकाल यांत २१ वर्षांहून जास्त काळ गेला. तिजोरी उघडून रोखे मोजायला एक दुपार लागते. हा फरक ज्याला कळला त्याला लेखापरीक्षणाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आणि हा धडा नवाही नव्हता. बरोबर दहा वर्षं आधी, १९९२ मध्ये, मुंबईत हर्षद मेहता प्रकरण उघडकीला आलं. तिथेही सौदे सरकारी रोख्यांचेच होते. रोख्यांऐवजी हातोहात फिरत होती ती 'बँक रिसीट', म्हणजे रोखे आमच्याकडे आहेत, मागाहून देऊ, अशी बँकेची पावती. त्या काळात ज्या बँकांच्या पावत्यांमागे रोखेच नव्हते, त्यांत आपल्या साताऱ्याकडच्या बँक ऑफ कराडचंही नाव होतं. जानकीरामन समितीने हिशेब केला तेव्हा खड्डा ४,०२४ कोटी रुपयांचा निघाला. दोन्ही वेळा वस्तूच्या जागी वस्तूचं वचन स्वीकारलं गेलं. अखेर मे २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांना सरकारी रोखे केवळ डीमॅट स्वरूपात ठेवणं बंधनकारक केलं. रोखा आता कागदावर नसतो, त्याची नोंद बँकेच्या हाताबाहेरच्या खात्यात असते. पंधरा उंबऱ्यांवरच्या पासबुकांचंच हे मोठं रूप.

संशय हे कर्तव्य

मानकं म्हणजे नेमकं काय? डॉक्टरने शस्त्रक्रियेआधी काय काय तपासायचं हे जसं ठरलेलं असतं, तसं लेखापरीक्षकाने काय पाहायचं, कशाची खात्री करायची आणि काय लिहून ठेवायचं, याचे लेखी नियम. आपल्याकडे ते चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था तयार करते. तिची स्थापना १ जुलै १९४९ ची. घोटाळ्यांबाबतचं मानक आहे एसए २४०.

या मानकाची सुरुवात स्पष्ट आहे. घोटाळा रोखण्याची आणि शोधण्याची पहिली जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांची आहे. लेखापरीक्षक देतो ती वाजवी खात्री. तो प्रत्येक पावती पाहत नाही, पाहू शकत नाही. चार जणांनी संगनमत करून खोटे कागद रचले, तर नियमाने काम करणारा माणूसही फसू शकतो. त्याच्या सहीचा अर्थ 'इथे घोटाळा नाहीच' असा कोणी घेऊ नये.

पण हाच कागद पुढे वाचला की १८९६ पासून किती अंतर कापलं ते दिसतं. लेखापरीक्षकाने साशंक राहायचं, आणि तेही संस्थेतली माणसं आजवर प्रामाणिक वागली असली तरी. कामाला लागण्यापूर्वी चमूने एकत्र बसून विचार करायचा: इथे घोटाळा करायचा झाला तर कोण, कुठे, कसा करेल? उत्पन्नाच्या आकड्यांत घोटाळ्याची जोखीम आहे असं धरूनच चालायचं. आणि सर्वांत धीट नियम असा, की वरिष्ठ मंडळी स्वतःच नियंत्रणं डावलू शकतात, ही जोखीम प्रत्येक संस्थेत आहे असं मानायचं. तपासणीत थोडा अनपेक्षितपणाही ठेवायचा. दर वर्षी त्याच तारखेला, त्याच गोदामात गेलं तर लपवणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो. साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी हजर राहायचं, असं एसए ५०१ सांगतं. किंग्स्टनच्या तपासनिसांनी जे केलं नव्हतं, ते आज नियमाने करावं लागतं.

हे नियम किती गरजेचे आहेत ते ७ जानेवारी २००९ ला कळलं. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी त्या दिवशी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. बँकेतली शिल्लक! बँकेला एक पत्र लिहून जी विचारता येते ती. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने पुढे लेखापरीक्षकांवर ठपका ठेवला तो नेमका इथे: बँकांकडून थेट उत्तरं घेण्याऐवजी कंपनीच्या हातून आलेल्या कागदांवर त्यांनी भिस्त ठेवली. पासबुक सभासदाकडून घ्यायच्या ऐवजी सचिवाकडूनच घेतलं, म्हणा ना.

जो कधी रजा घेत नाही

माणसाच्या वागण्यातही पुरावा असतो. वसुली करणारा एखादा कर्मचारी आजचे पैसे खिशात घालतो, उद्याच्या वसुलीतून आजचा खड्डा भरतो, परवाच्या वसुलीतून उद्याचा. याची टोपी त्याला. हा खेळ एक दिवसही थांबवता येत नाही, म्हणून असा माणूस आजारी असला तरी कामावर येतो. वरून तो फार कष्टाळू दिसतो. जाणता लेखापरीक्षक म्हणूनच हजेरीपटही पाहतो. संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना सलग काही दिवस सक्तीची रजा द्यावी, असं रिझर्व्ह बँकही सांगते. कारण खुर्चीत दुसरा माणूस बसला की टोप्यांची साखळी तुटते.

मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण असंच उघड झालं. जुना अधिकारी निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये हिरे व्यापाऱ्याच्या कंपन्या हमीपत्रं मागायला आल्या तेव्हा नव्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रक्कम ठेवायला सांगितली. यापूर्वी कधी ठेवावी लागली नाही, असं उत्तर आलं. मग शोध सुरू झाला. परदेशी संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकाला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे हमीपत्रं बँकेच्या हिशेबात उमटलीच नव्हती. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार रक्कम १३,००० कोटींच्या वर गेली.

आणि आता आकड्यांचं नवल. सायमन न्यूकॉम्ब या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये एक गोष्ट टिपली: लॉगॅरिदमच्या तक्त्यांची सुरुवातीची पानं जास्त मळलेली असतात. म्हणजे लोकांना १ ने सुरू होणारे आकडे जास्त वेळा लागतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डने नद्यांच्या क्षेत्रफळांपासून लोकसंख्येपर्यंत वीस हजारांवर आकडे गोळा करून तेच दाखवलं. नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं, २ चं साडेसतरा, आणि ९ चं जेमतेम साडेचार.

असं का व्हावं? शंभर रुपये दरसाल १० टक्क्यांनी वाढत ठेवा. शंभराचे दोनशे व्हायला सात वर्षांहून जास्त लागतात; तेवढा काळ पहिला अंक १ च राहतो. नऊशेचे हजार व्हायला मात्र एक वर्ष आणि थोडे दिवस पुरतात. रक्कम ९ पाशी थोडाच वेळ थांबते, म्हणून ९ कमी वेळा भेटतो. खोटी बिलं रचणाऱ्याच्या मनात हा हिशेब नसतो. त्याला वाटतं, सगळे अंक सारखे वाटले की खरं दिसेल. म्हणून हजारो बिलांचे पहिले अंक मोजले की रचलेला ढीग उठून दिसू शकतो. एखाद्याला ५०,००० पर्यंतच्या खर्चाचा अधिकार असेल आणि ४९ ने सुरू होणारी बिलं भराभर वाढली असतील, तर तिथे थांबून बघायचं. हा पुरावा नव्हे. पिनकोड, फोन नंबर, ठरावीक दराची फी यांना हा नियम लागूही पडत नाही. कुठे वास घ्यायचा, तेवढं तो सांगतो.

भुंकणं आता बंधनकारक आहे

घोटाळा दिसला, पुढे काय? पूर्वी लेखापरीक्षक शेरा लिहून मोकळा व्हायचा. आता कायदा त्याला गप्प बसू देत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३ प्रमाणे, कंपनीच्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने एक कोटी वा त्याहून जास्त रकमेचा घोटाळा केल्याचं मानायला कारण असेल, तर लेखापरीक्षकाने केंद्र सरकारला कळवायचं असतं. २०१८ पासून मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर नजर ठेवायला स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरणही आहे.

आपल्या गावांशी थेट संबंध आहे तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या कलम ८१ प्रमाणे, हिशेबाबाबत कोणी गुन्हा केल्याचा निष्कर्ष निघाला तर लेखापरीक्षकाने पंधरा दिवसांत निबंधकाकडे विशेष अहवाल द्यायचा आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्याद नोंदवायची. त्यात कसूर केली तर नामतालिकेतून त्याचंच नाव जाऊ शकतं. अहवालात दाखवलेल्या दोषांची दुरुस्ती केल्याचं संस्थेनेही लेखी कळवायचं असतं. तो दोषदुरुस्ती अहवाल, कलम ८२. नुकसानीची जबाबदारी निश्चित करून वसुली करायला कलम ८८ आहे.

एवढे नियम असूनही माणसं फसतात, ठेवी अडकतात, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा हातचा जातो. माझं ठाम मत आहे, की नियम तेव्हाच चालतो जेव्हा विचारणारं कोणी समोर असतं. राखणीचा कुत्रा भुंकला तरी घरातलं कोणी उठलंच नाही, तर चोर जातोच. सहकारी संस्थेचं घर सभासदाचं आहे. उठायचं त्यानेच.

म्हणून ही विनंती. तुम्ही सोसायटीचे, पतसंस्थेचे, बँकेचे, कारखान्याचे सभासद असाल, तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा चुकवू नका. कलम ३२ प्रमाणे शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. वहीतल्या तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदीसुद्धा. आपल्या पासबुकातली शिल्लक त्या नोंदीशी लावून बघा. संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी कोणता ऑडिट वर्ग मिळाला आणि गेल्या वर्षी कोणता होता, ते विचारा. दोषदुरुस्ती अहवाल गेला का, ते विचारा. आणि उभं राहून एक शेवटचा प्रश्न करा: ताळेबंदात लिहिलेली गुंतवणूक आणि साठा लेखापरीक्षकाने प्रत्यक्ष पाहिला का, कोणत्या तारखेला? उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.